सहा दिवसांतली सात मिनिटं: प्राध्यापकांसाठीच्या एका प्रशिक्षण वर्गाबद्दल

शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता अभिप्रायाचा फॉर्म फिरला, तेव्हा मी सगळ्या रकान्यांत पाचपैकी पाच दिले. शेजारच्यांनीही तेच केलं. फॉर्म भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नव्हतं आणि बढतीच्या अर्जाला ते जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नव्हता. त्यामुळे अहवालात 'सहभागी अत्यंत समाधानी' अशा अर्थाचं काहीतरी गेलं असणार, आणि त्यात माझाही हात आहे. आता एक अख्खं सत्र उलटलंय, प्रमाणपत्र फायलीत आहे, तेव्हा खरा अभिप्राय इथे लिहिते.

मी संख्याशास्त्र शिकवते, एकोणीस वर्षं झाली. वर्ग सहा दिवसांचा होता, रोज साडेसहा तास, आणि त्यानंतर सत्रभरात जोडीदाराच्या तासाला दोनदा जाऊन बसायचं होतं. आम्ही चाळीस जण होतो, सगळ्या विभागांतले. नुकतीच पीएच.डी. हातात पडलेली पोरं होती आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेले इतिहासाचे एक सरही. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. दुसरीकडे शिकवणाऱ्या मैत्रिणींना विचारलं तर त्यांचंही वर्णन जवळपास हेच आहे, दिवस तेवढे कमीजास्त.

सुरुवात 'गरजां'च्या फॉर्मपासून करते, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. वर्गाच्या पंधरा दिवस आधी 'आपल्या प्रशिक्षणविषयक गरजा नोंदवा' असा फॉर्म आला. चौदा चौकोन. एआय, ऑनलाइन साधनं, संशोधन प्रकल्पाचे प्रस्ताव, सादरीकरण, वेळेचं नियोजन, ताणतणाव, असं करत करत अकराव्या चौकोनात 'वर्गात प्रश्न विचारण्याचं तंत्र'. मी एआय आणि प्रस्तावलेखन या दोनांवर खूण केली. एकोणीस वर्षं रोज प्रश्न विचारणारी बाई अकराव्या चौकोनाकडे कशाला बघेल? पहिल्या दिवशी पडद्यावर आलेख दाखवला, त्यात अकराव्याचा खांब सगळ्यांत बुटका होता. चाळीसात तीन. एआयचा खांब छताला लागला होता. वेळापत्रक त्या आलेखावरून ठरवलंय, असं अभिमानाने सांगण्यात आलं.

आता हे ऐकायला लोकशाहीला धरून वाटतं. पण पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९७७ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातल्या प्राध्यापकांची पाहणी मांडली होती, तिच्यात ९४ टक्क्यांनी स्वतःला सरासरीपेक्षा बरं शिकवणारं म्हटलं होतं. माझ्या विषयाला जागून सांगते, ९४ टक्के लोक सरासरीच्या वर असणं अशक्य नाही. उरलेले सहा टक्के पुरेसे भयंकर असले की झालं. पण त्याच पाहणीत ६८ टक्क्यांनी स्वतःला वरच्या पाव भागात बसवलं होतं, आणि पाव भागात ६८ टक्के काही केल्या मावत नाहीत. हा आकडा मी दरवर्षी वर्गात हसत हसत सांगते. स्वतःचा फॉर्म भरताना तो आठवला नाही.

पहिले तीन दिवस थोडक्यात उरकते. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. शिकण्याच्या पायऱ्या सोप्याकडून अवघडाकडे रचणारा ब्लूम यांचा १९५६ चा तो त्रिकोण तीन वक्त्यांनी तीन वेळा दाखवला. तिसऱ्याने २००१ ची सुधारित मांडणी दाखवली, जिच्यात नामांची क्रियापदं झाली आणि शेंड्यावर मूल्यमापनाच्या जागी निर्मिती आली. पहिल्या दोघांपर्यंत ही बातमी पोचलेली नव्हती. सभागृहातले बाक जमिनीला ठोकलेले, त्यामुळे 'आता गट करा' म्हटलं की पुढचे मागे मान वळवून बसायचे. माझ्या गटात एक विभागप्रमुख आणि त्यांच्याच विभागातली दोन नवी मुलं होती. 'वर्गात येणाऱ्या अडचणींवर मोकळेपणाने चर्चा करा' असा विषय. मुलं मोकळेपणाने गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी मात्र माझा पारा चढला. पडद्यावर तो शंकू आला: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, पाहून ऐकलेलं ५०, स्वतः बोललेलं ७०, करून बघितलेलं ९०. आयुष्यभर आकडेवारीत हात घातलाय, एकाच मोजणीतून इतके गुळगुळीत आकडे निघालेले मी पाहिलेले नाहीत. हात वर केला आणि विचारलं, किती जणांवर मोजलं, किती दिवसांनी, आणि काय वाचायला दिलं होतं? वक्ते म्हणाले, "एडगर डेल यांचं संशोधन आहे, मॅडम." एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू काढला हे खरं, पण त्यात टक्केवारी औषधालाही नव्हती. आकडे मागाहून कोणीतरी चिकटवले आणि ते डेल यांच्या नावावर खपत राहिले. मी एवढं बोलले तर वक्ते हसून म्हणाले, "भाव लक्षात घ्या." त्याच दुपारी 'तुम्ही डोळ्यांनी शिकता की कानांनी' अशी वीस प्रश्नांची चाचणी झाली. मी हातांनी शिकणारी निघाले. हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कल्पनेचा पुरावा नीट तपासला होता. ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने शिकणं सुधारतं, असं दाखवणारा धड पुरावा त्यांना मिळाला नाही. त्या सभागृहात चाळीस डॉक्टरेट बसल्या होत्या. विद्यार्थ्याच्या प्रबंधात एका वाक्याला संदर्भ नसला तर आम्ही लाल शाईने पान रंगवतो. शिकवण्याविषयी कोणी काहीही सांगावं, आम्ही वहीत उतरवून घेतो.

तिसऱ्या दिवशीचे वक्ते अभ्यासू होते. त्यांनी स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा आढावा नीट समजावला. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास, आणि नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता सक्रिय वर्गाच्या, म्हणजे जिथे मुलांना स्वतः विचार करायला लावतात त्या वर्गाच्या, दीडपट. हे त्यांनी सलग दीड तास व्याख्यान देऊन सांगितलं. माझ्या मागून एक तरुण कुजबुजला, "म्हणजे आपली आज काही धडगत नाही."

ज्यावर मी हौसेने खूण केली होती ते एआयचं सत्र म्हणजे एका माणसाने पडद्यावर प्रश्नपत्रिका तयार करून दाखवणं. दहा प्रश्न दहा सेकंदांत, उत्तरांसकट. चौथ्या प्रश्नाचं उत्तर चुकलेलं होतं, सशर्त संभाव्यतेत अंश आणि छेदाची अदलाबदल. मी दाखवलं, त्यांनी पुन्हा बटण दाबलं, आता चौथा बरोबर आला आणि सातवा बिघडला. पुढचा सगळा वेळ 'विद्यार्थी यातून उत्तरं उतरवतात ते पकडायचं कसं' यावर गेला. उतरवून काढता येणार नाही असा गृहपाठ कसा द्यायचा, हे विचारायला वेळ उरला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी जे झालं, त्यासाठी मी पुन्हा जाईन. प्रत्येकाला सांगितलं होतं की आपली मागच्या परीक्षेची वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिका आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरांची नोंद बरोबर आणा. चाळीसांपैकी अठरा जणांनी आणली. प्रशिक्षक मॅडम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असतील. त्यांनी एकही पाटी पडद्यावर न लावता सांगितलं, वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी वेगळे काढा आणि प्रत्येक प्रश्न दोन्ही गटांत किती जणांना आला ते मोजा. ही २७ टक्क्यांची पद्धत ट्रूमन केली यांच्या १९३९ च्या कामातून आलेली. मी ती पदव्युत्तर वर्गाला शिकवते. दुसऱ्या विभागांतल्या संशोधकांचं असलं विश्लेषण फुकटात करून देते. स्वतःच्या प्रश्नपत्रिकेवर मात्र एकोणीस वर्षांत एकदाही लावलेली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

साठ विद्यार्थी, म्हणजे सोळा वरचे आणि सोळा खालचे. आठव्या प्रश्नाला अडखळले. वरच्या सोळांपैकी सात जणांचं उत्तर बरोबर, खालच्या सोळांपैकी दहा जणांचं. दोन्हींतला फरक भागिले सोळा, म्हणजे त्या प्रश्नाचा निर्देशांक, उणे ०.१९. हुशार मुलं चुकत होती आणि कच्ची मुलं बरोबर येत होती. प्रश्न असा होता: खालीलपैकी कोणत्या मापावर टोकाच्या मूल्यांचा परिणाम होत नाही? पर्याय: मध्य, मध्यक, बहुलक, विस्तार. माझं उत्तर मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं मूल्य. आता शांतपणे बघा. एका माणसाचं उत्पन्न शंभरपट झालं तरी सगळ्यांत जास्त वेळा येणारं मूल्य सहसा आहे तेच राहतं, म्हणजे बहुलकही बरोबरच की! खालच्या मुलांनी वहीतलं वाक्य आठवून 'मध्यक' ठोकलं. वरच्यांनी विचार केला आणि मार खाल्ला. हा प्रश्न मी किमान सहा वर्षं फिरवून फिरवून वापरत होते.

मॅडम माझ्या खांद्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "छान प्रश्न आहे." मला वाटलं, टोमणा. पण त्या पुढे म्हणाल्या, "वर्गात विचारायला. पर्याय काढून टाका आणि भांडू द्या त्यांना." तो प्रश्न आता मी तसाच वापरते. अर्धा तास सहज जातो.

पाचव्या दिवशी सूक्ष्म अध्यापन. ही पद्धत स्टॅनफर्डमध्ये १९६३ च्या सुमारास ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली, नव्या शाळाशिक्षकांसाठी. छोटा वर्ग, पाच-दहा मिनिटं, एकच कौशल्य. शिकवा, बघा, ऐका, आणि मग पुन्हा शिकवा. आम्हाला प्रत्येकी सात मिनिटं मिळाली. समोर पाच सहकारी विद्यार्थी म्हणून, मोबाइल स्टँडवर. मी विषय घेतला प्रमाण विचलनाचा, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाचा: नमुन्यावरून काढताना एनने, म्हणजे नमुन्यातल्या संख्येने, न भागता एन वजा एकने का भागायचं. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन असा माझा हातखंडा विषय. झाल्यावर टाळ्या पडल्या. मी खूश.

संध्याकाळी मॅडमनी खोलीत बोलावून चित्रफीत लावली, हातात स्टॉपवॉच दिलं आणि म्हणाल्या, "तुमचा प्रश्न संपला की सुरू करा, कोणीही बोललं की बंद. कोणीही म्हणजे तुम्हीसुद्धा." आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पहिला प्रश्न, ०.८ सेकंद. बोलले कोण? मीच. दुसरा, ०.६. मीच. तिसरा, १.१, यावेळी समोरच्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी 'हं' केलं. सात मिनिटांत नऊ प्रश्न, त्यांतल्या आठांची उत्तरं माझी. शिवाय 'कळलं ना?' अकरा वेळा, आणि हे म्हणताना मी बहुतेक वेळा फळ्याकडे तोंड करून उभी. फळ्याला कळलं असावं.

मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात शाळांतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत. तीन सेकंद थांबायला शिकवलं की मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, मुलं स्वतःहून बोलायला लागली. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं आणि मला ते शाळेतल्या बाईंसाठी आहे असं वाटलं होतं.

खरी मेख पाचव्या मिनिटाला होती. कायद्याचे एक सर विद्यार्थी म्हणून दुसऱ्या खुर्चीत होते. मी 'म्हणून एन वजा एक, कळलं ना?' म्हणते, ते 'पण' एवढं म्हणतात, आणि मी वळून पुढचं सूत्र लिहायला घेते. चित्रफितीत त्यांचं तोंड उघडलेलं दिसतं, मग मिटतं, मग ते मान डोलावतात. दुसऱ्या दिवशी त्यांना गाठून विचारलं, काय म्हणत होतात? म्हणाले, "काही विशेष नाही हो. एकच का वजा? दोन का नाही?" मी जागच्या जागी उभी राहिले. हाच तर प्रश्न आहे! नमुन्यातून आपण आधी एक गोष्ट अंदाजली, मध्य म्हणजे सरासरी, म्हणून एक वजा. सरळ रेषा बसवताना तिचा उतार आणि ती अक्षाला जिथे छेदते ती जागा अशा दोन अंदाजतो, तिथे दोन वजा. ज्याला हा प्रश्न पडला त्याला अर्धा विषय कळला. कायद्याच्या माणसाला सात मिनिटांत पडला आणि मी त्याच्याकडे पाठ फिरवली. असे किती 'पण' एकोणीस वर्षांत माझ्या पाठीमागे मिटले असतील, याचा अंदाज काढायचा मोह झाला होता. काढला नाही.

इथे आयोजकांवर माझा मोठा आक्षेप. सूक्ष्म अध्यापनातला चौथा टप्पा, पुन्हा शिकवणं, 'वेळेअभावी' वगळला होता. म्हणजे चूक दाखवायची आणि घरी पाठवायचं. पोहायला शिकवताना नाकातोंडात पाणी जाईपर्यंत ठेवून मग वर्ग संपवल्यासारखं. आणि या सात मिनिटांची जागा कोणी खाल्ली? उद्घाटनाने पावणेदोन तास, समारोपाने दीड, आणि दिवसातून तीनदा होणाऱ्या हजेरीने रोज निदान वीस मिनिटं. बेरीज तुम्हीच करा, चाळीस जणांची दुसरी फेरी दोन खोल्यांत सहज बसली असती.

पुन्हा शिकवणं मी माझ्या वर्गातच केलं, पुढच्या आठवड्यात. प्रश्न विचारला आणि मनात आकडे मोजत उभी राहिले. एक, दोन, तीन. तीन सेकंद कागदावर लहान दिसतात, वर्गात उभं राहून बघा. चार. कोणीतरी खोकलं. मला घाम फुटला, हात खडूकडे गेला, मागे घेतला. पाच. सहाव्याला चौथ्या रांगेतली एक मुलगी बोलली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. सत्राचा नववा आठवडा होता. उत्तर अर्धवट होतं. पण ते तिचं होतं, आणि तिच्यामागून दुसऱ्याने ते दुरुस्त केलं.

आता जोडीदाराची गोष्ट. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या आणि मला इतिहासाचे ते निवृत्तीला आलेले सर मिळाले. मी नाराज. ते माझ्या तासाला काय बघणार? तसं सुचवलंही. ते म्हणाले, "मॅडम, मला तुमच्या विषयातलं ओ की ठो कळत नाही. म्हणजे मी बरोबर मागच्या बाकावरच्या मुलासारखा. आणखी काय पाहिजे?" आणि खरंच शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

त्यांनी बाकांचा नकाशा काढला होता आणि जो बोलेल त्याच्या जागी एक रेघ. तासानंतर कागद माझ्यापुढे ठेवला. पन्नास मिनिटं, सगळ्या रेघा डाव्या हाताच्या पहिल्या दोन रांगांत. उजवी बाजू कोरी. मी उजव्या हाताने लिहिते, फळ्याजवळ उभी राहिले की वर्गाची उजवी बाजू माझ्या पाठीशी जाते, हे मला त्या कागदावरून कळलं. मग ते जरा संकोचून म्हणाले, "एक विचारू? तुमच्या विषयात इंग्रजी सहाचा आकडा एवढा का येतो?" मला कळेना. "कुठे येतो, सर?" तेव्हा त्यांनी शेजारच्या मुलाच्या वहीतून आपल्या कागदावर उतरवून घेतलेली ओळ दाखवली. ते सिग्माचं, म्हणजे प्रमाण विचलनाचं, चिन्ह होतं. मी घाईत लिहिताना त्याची वरची आडवी रेघ आखूड पडते आणि वर चढते, त्यामुळे मागून ते सहासारखं दिसतं. त्या मुलाने अख्ख्या पानभर सहा लिहिले होते. सहाचा वर्ग, सहा भागिले वर्गमूळ एन. आणि तो मुलगा गणितं नीट सोडवायचा प्रयत्न करत होता, सहा घालून! माझ्या विषयाचा जाणकार मागे बसला असता तर त्याला ते सिग्माच दिसलं असतं.

मीही त्यांच्या तासाला गेले. सर गोष्ट सांगतात तेव्हा खडूही ऐकत असावा असं वाटतं. पण चाळीस मिनिटांत एकाही मुलाने पेन उचललं नाही, आणि शेवटी 'यातला पुरावा कुठला आणि अंदाज कुठला' असं मी शेजारणीला विचारलं तर ती गोड हसली. हे सांगायला मला धाडस करावं लागलं. सरांनी ऐकून घेतलं आणि तास संपायला पाच मिनिटं असताना मुलांना एका चिठ्ठीवर 'आज काय कळलं नाही' एवढंच लिहायला लावायचं ठरवलं. पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्यांत निम्म्या मुलांनी एकाच सनावळीबद्दल विचारलं होतं, जी सरांच्या मते सगळ्यांत सोपी होती.

माझ्या माहितीप्रमाणे चाळीस जणांच्या वीस जोड्यांपैकी सहा-सातांनीच दोन्ही भेटी पुऱ्या केल्या. बाकीच्यांना दोष देत नाही. दुसऱ्याच्या तासाला बसलेला तास कामाच्या हिशेबात धरत नाहीत, तो आपल्या मोकळ्या वेळातून काढायचा. प्रमाणपत्र आधीच मिळालेलं असतं.

आणि कोणाला काय हवं होतं, हे एकदा विचारलं पाहिजे होतं. माझ्या शेजारी बसलेल्या नव्या मुलीला पन्नास मिनिटांचा आराखडा कसा करायचा तेवढंच हवं होतं. ती एका तासासाठी बत्तीस पानं टिपणं काढते आणि तरी पस्तीसाव्या मिनिटाला संपवून बसते. पीएच.डी.ने तिला सहा वर्षं एका प्रश्नात खोल जायला शिकवलं, साठ मुलांपुढे उभं राहायला एक तासही नाही. नॉर्वेत २०१९ पासून विद्यापीठातल्या कायम नेमणुकीसाठी अध्यापनशास्त्राचे किमान २०० तास लागतात. आमचा वर्ग धरून बांधून ३९ तासांचा, त्यात ती आणि मी एकाच बाकावर. मला हवं होतं ते वेगळं: संशोधन करणारा विद्यार्थी तिसऱ्या वर्षी गळाठतो तेव्हा त्याच्याशी काय बोलायचं, आणि खोलीत येऊन रडू लागलेल्या मुलीला आपण स्वतः सांभाळायचं की समुपदेशकाकडे पाठवायचं, नि कसं. चौदा चौकोनांत यांतलं काहीच नव्हतं.

शेवटच्या दिवसाच्या त्या फॉर्मवर अजून एक. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकले का, वागण्यात आलं का, परिणाम दिसला का. आमचा फॉर्म पहिल्या पायरीवर बसून राहिला. आणि आवडण्याचं म्हणाल तर हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सफाईदार व्याख्यान ऐकलेल्या मुलांना आपण जास्त शिकलो असं वाटलं होतं, चाचणीत जास्त गुण मात्र स्वतः डोकं चालवायला लावलेल्या वर्गाला मिळाले. मलाही तेव्हा तिसऱ्या दिवशीचे वक्ते आवडले होते आणि स्टॉपवॉचवाल्या मॅडमचा राग आला होता.

तारे द्यायचेच तर पहिल्या तीन दिवसांना एक, तोही तिसऱ्या दिवशीच्या वक्त्यांसाठी. एआयच्या सत्राला दीड. प्रश्नपत्रिकेच्या सकाळीला पाच. सूक्ष्म अध्यापनाला तीन, दुसरी फेरी दिली असती तर पाच. जोडीदाराच्या भेटींना पाच, पण ते श्रेय सरांचं, आयोजकांकडे फक्त चिठ्ठ्या होत्या. कोणी असल्या वर्गाला जाणार असेल तर प्रश्नपत्रिका आणि उत्तरांची नोंद नक्की घेऊन जा, मागितली नसली तरी. चित्रफीत बघायला मिळाली तर एकट्याने बघू नका. आणि जोडीदार निवडायची मुभा असेल तर आपला विषय न कळणारा निवडा.

सिग्माची वरची रेघ मी आता मुद्दाम लांब ओढते. सरांनी या सत्रात पुन्हा यायचं कबूल केलंय, प्रमाणपत्र नसताना. यावेळी उजव्या बाजूला बसणार म्हणाले.